टाळ्यांची ओढ आणि अडलेला अंतरा

प्रश्न: वय ४२, दादरला राहते, बँकेत नोकरी. १४ वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय. गेल्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात आरतीनंतर लगेच गायला बसले. घसा कोरडा पडला, लय चढली, अंतऱ्याचे शब्दच आठवेनात. तेव्हापासून लोकांसमोर गात नाही. सासूबाई म्हणतात, ‘घरी गातेस ना, मग चारचौघांत कशाला?’ मला नुसत्या टाळ्याच हव्या आहेत का, असं आता मलाही वाटतं. यंदा पुन्हा विचारणा झालीय. काय करू?

उत्तर: ताई, टाळ्या हव्याशा वाटल्या म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. पण गाणारा माणसांसमोर बसतो तो एवढ्यासाठीच नाही. घरी तबल्याच्या ॲपबरोबर गाताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली ती तुमची तुम्हालाच कळते. समोर जाणती पाच माणसं असली, तीनतालात नवव्या मात्रेवरून मुखडा, म्हणजे समेवर नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचललात, की त्यांचंही समेची वाट पाहणं सुरू होतं. समेचा ‘धा’ पडतो, माना हलतात. मग पुढच्या आवर्तनात तुम्ही त्याच जागेवर जरा जास्त रेंगाळता. घरी हे सुचलं नसतं. ख्याल जागेवर रचत न्यायचा असतो, म्हणून तो ऐकणाऱ्यांच्या संगतीत वेगळा फुलतो. तुम्हाला ओढ आहे ती याची, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

खात्री करायची तर स्वतःला विचारा: व्हिडिओ नाही, नंतर कुणी ‘छान’ही म्हणणार नाही, तरी या माणसांसमोर गावंसं वाटेल? ‘नाही’ आलं तर खुशाल घरीच गा. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींनी मुंबईत राहून कित्येक दशकं जाहीर वादन केलं नाही. बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडेच शिकले. अन्नपूर्णादेवींचं संगीत त्याने उणं झालं नाही.

‘हो’ आलं, तर गेल्या वर्षी काय बिघडलं ते बघू. बरंचसं आरतीत बिघडलं असणार. झांजांवर आवाज चढवून अर्धा तास गायलं की गळा थकतो, आणि त्याच गळ्याने तुम्ही षड्ज लावायला बसलात. यंदा आरतीला नुसत्या टाळ्या वाजवा. भीतीने तोंडाला कोरड पडते. त्यासाठी कोमट पाण्याचा घोट ठीक, पण पाणी अन्ननलिकेत जातं, स्वरयंत्रावरून नाही. तिथला ओलावा दिवसभर थोडं थोडं पाणी पिऊन राहतो.

शब्द जातात कारण आपण बंदिश नेहमी स्थायीपासून, म्हणजे तिच्या पहिल्या भागापासून, घोकतो. स्थायीचा धागा तुटला की अंतऱ्याला सुरुवातच सापडत नाही. महिनाभर रोज दहा वेळा थेट अंतऱ्यावरून सुरू करा, आधी हाताने ताल देत नुसते शब्द बोलून, मग गाऊन. कधी तीन मजले जिना चढून आल्या आल्या गा. धडधडत्या छातीने श्वास कुठे तुटतो ते घरीच कळेल. वही समोर ठेवली तर कमीपणा नाही.

लय चढते ती पहिल्या दहा सेकंदांत. तबलजींना खूण करण्याआधी मुखडा मनात पूर्ण एकदा म्हणा, मगच लय द्या. तुमचा सूर, पेटीची काळी चार पट्टी असेल नाहीतर पाच, पेटीवाल्यांना आदल्या दिवशीच सांगा. मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, तानपुरा मागून घ्या. तो ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो.

नवा राग नको. वर्षानुवर्षं घोळलेला यमन किंवा भूप घ्या, बारा मिनिटं पुरेत. आणि गणपतीआधी एका रविवारी संध्याकाळी घरीच सतरंजी टाकून सहा-सात जणांना बोलवा. माइक नको. सासूबाईंना अगदी समोर बसवा आणि मांडीवर ताल धरायला सांगा. ‘कशाला’ याचं उत्तर त्यांना तोंडाने देत बसू नका. समेवर त्यांचा हात पडतो का, तेवढं बघा.