सिसप्लॅटिन देऊनही पेशी मरत नाहीत तेव्हा

अगं, तुझा मेसेज वाचला. आईचाही फोन आलेला, म्हणाली लॅबमधून आली की तोंड पाडून बसते. ए५४९ पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या) सिसप्लॅटिनने, म्हणजे कॅन्सरवरच्या त्या प्लॅटिनमच्या औषधाने, मरत नाहीत म्हणून तू आता रेझिस्टन्सचा, औषधाला दाद न देण्याचा जीन शोधायला निघालीयेस, ते जरा थांबव, असा एकच जीन बहुतेक वेळा नसतोच.

आधी सांग, औषध कशात विरघळवलंस? डीएमएसओ (ते नेहमीचं द्रावक) असेल तर फेकून दे सगळं, तो प्लॅटिनमला चिकटतो आणि औषधच निकामी होतं, मग पेशी बिचाऱ्या कशाला मरतील. सलाइनमध्ये ताजं बनव.

आणि ही ए५४९ सेल लाइन काही साधीभोळी नाहीये. १९७२ साली एका पेशंटच्या फुप्फुसातल्या ट्यूमरमधून घेतलेली, हिच्यात कीप-१ हा जीन बिघडलेला, त्यामुळे पेशीची संरक्षणयंत्रणा चालू करणाऱ्या एनआरएफ-२ला आवरणारं कोणी नाही, विषारी रेणूंना पकडणारं ग्लुटाथायोन भरपूर बनतं आणि ते सिसप्लॅटिनला डीएनएपर्यंत पोचायच्या आधीच गाठतं. जे पोचतं तेही ईआरसीसी-१ वगैरे डीएनए दुरुस्त करणारी मंडळी कापून काढतात. म्हणजे औषध द्यायच्या आधीच तयारी झालेली! पी-ग्लायकोप्रोटीन पंपामागे मात्र लागू नकोस, १९७६मध्ये तो सापडल्यापासून सगळे आधी तिकडेच धावतात, पण तो टॅक्सॉल, डॉक्सोरुबिसिन असली कॅन्सरची औषधं पेशीबाहेर फेकतो, सिसप्लॅटिन त्याचं गिऱ्हाईकच नाही.

खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. वाचलेल्या पेशी आधीपासून तशा होत्या, की औषध पडल्यावर तशा झाल्या? लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३मध्ये बॅक्टेरियावर जे केलं तेच तू कर, मोजक्या पेशींपासून प्लेटचे पुष्कळ वेल (खड्डे) वेगवेगळे वाढव, सगळ्यांना एकदम औषध दे. एखाद्या वेलमध्ये ढीगभर वाचल्या आणि बाकीच्यांत जवळपास कोणीच नाही, तर आधीपासूनच्या. सगळीकडे साधारण सारख्याच उरल्या तर नंतर बदलल्या असतील. मग त्यांना थोडे आठवडे औषधाविना वाढव नि परत दे. २०१०मध्ये बोस्टनच्या एका टीमने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पीसी-९ पेशींवर टार्गेटेड (ठरावीक प्रथिनावर नेम धरणारं) औषध वापरून हेच पाहिलं, हजारात तीनेक पेशी वाचल्या, आणि औषध बंद करून वाढवल्यावर त्यांची पिल्लावळ त्याच औषधाने पुन्हा मरायला लागली, म्हणजे म्युटेशन नव्हतंच.

एमटीटीवर (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) एकट्यावर विसंबू नकोस, हळू वाढणारी पेशीसुद्धा त्यात रेझिस्टंट दिसते. मूळ पेशींच्या दोनचार व्हायल आधी फ्रीझ कर. गाइड घाई करतील, करू देत, त्यांना पेपर हवाय.

रविवारी फतेहगंजहून सरळ दांडिया बाजारला ये, सेव-उसळ करते. प्लेटचे कच्चे आकडे आण, ग्राफ नको.

तुझी मावशी