‘यू-दान’ म्हणजे गाभोळी नव्हे

हाँगकाँगच्या ‘यू-दान’ या पदार्थाच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘माशाचे अंडे’ असा होतो, तर मराठीत त्याला गाभोळी म्हणावे का, अशी पृच्छा आहे. मुळीच म्हणू नये. ही चूक वारंवार कानावर येते आणि दर वेळी खटकते, कारण गाभोळीत ‘गाभ’ आहे, म्हणजे संस्कृतातला ‘गर्भ’, आणि यू-दानमध्ये असते ते माशाचे वाटून, मळून वळलेले मांस. खऱ्या गाभोळीला हाँगकाँगच्या कँटोनी भाषेत ‘यू-छन’ असा वेगळा शब्दच आहे. येथे ‘अंडे’ केवळ आकारापुरते आले आहे.

कोफ्ता म्हणावे, असा आग्रह धरणाऱ्यांचेही मला पटत नाही. कोफ्ता फारसी ‘कोफ्तन’वरून, म्हणजे कुटण्यावरून आला, तो कृती सांगतो, तर कँटोनी नाव रूप सांगते.

खरी गंमत सुरांत आहे, कारण कँटोनीत शब्दाचा अर्थ तो कोणत्या सुरात उच्चारला यावरही ठरतो. ‘दान’चा मूळ सूर खालचा आणि सपाट, पण ‘यू-दान’ म्हणताना तो चढता होतो. याच पदार्थाच्या ‘यू-युन’ या दुसऱ्या नावातल्या ‘युन’चा, म्हणजे ‘गोळी’चा, मूळचा उतरता सूरही असाच चढतो. लहानसहान, रोजच्या ओळखीच्या वस्तूंच्या नावांत कँटोनी बोलणारे हा बदल सर्रास करतात. ही निव्वळ उच्चाराची सवय आहे, असे मानणाऱ्यांना मी विचारीन, की मग आपण गोळ्याची गोळी का करतो? माझ्या मते मराठीत जे काम अखेरची ‘ई’ करते, तेच तिथे चढता सूर करतो. शिवाय ‘युन’ म्हणजे औषधाचीही गोळी, हा योग तर विलक्षणच आहे!

म्हणून ‘माशाची गोळी’ हेच नाव मला योग्य वाटते. रस्त्यावर बांबूच्या काडीला टोचून मिळणाऱ्या, तळून मग करीच्या रश्शात शिजवलेल्या सोनेरी गोळ्यांना ते शोभते आणि दक्षिण चीनमधल्या छिउचाउ भागाच्या पद्धतीच्या नूडल सूपमधल्या, न तळलेल्या पांढऱ्या गोळ्यांनाही. ‘लेंग-यू-खाउ’ मात्र वेगळा: ‘खाउ’ म्हणजे चेंडू. ‘लेंग-यू’ या गोड्या पाण्यातल्या, बारीक काट्यांनी भरलेल्या माशाचे मांस बारीक करून, त्यात संत्र्याची वाळवलेली साल घालून तो वळतात आणि शिंपल्यांच्या खारट चटणीबरोबर खातात. त्याला गोळी न म्हणता गोळाच म्हणावे.