जीएनएम झालेल्या परिचारिकेला कॅनडात मनोविकार परिचारिका म्हणून परवाना मिळू शकतो का?

आपण जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी पदविका झालेल्या) असून यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयात काम करता आणि कॅनडात मनोविकार परिचारिका होऊ इच्छिता, असे आपण लिहिले आहे. मी आर्णीकडची असून याच वाटेने गेले आहे, त्यामुळे परवाना मिळू शकतो एवढे खात्रीने सांगते. मात्र आधी प्रांत ठरवा, कारण हा स्वतंत्र परवाना प्रामुख्याने ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सॅस्कॅचेवन, मॅनिटोबा आणि युकॉन येथे दिला जातो. ओंटारिओच्या जाहिरातींत ‘आरपीएन’ (या प्रांतांत मनोविकार परिचारिकेचे इंग्रजी लघुरूप) दिसले तर हुरळून जाऊ नका. ओंटारिओत ती प्रॅक्टिकल नर्स असते, मनोविकार परिचारिका नव्हे, आणि एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

सर्वांत जास्त वेळ कागदपत्रांत जातो. जीएनएममध्ये मानसिक आरोग्य हा अनेक विषयांपैकी एक, आणि पोस्टिंग काही आठवड्यांची. आपल्याकडच्या बऱ्याच जणींची ती नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात होते. कॅनडातील प्रांताचे नियामक मंडळ हे शिक्षण तिथल्या मनोविकार परिचर्येच्या पूर्ण अभ्यासक्रमाशी ताडून पाहते, त्यामुळे नुसते जीएनएम सहसा तोकडे पडते आणि पूरक अभ्यासक्रम करावे लागतात. शक्य असल्यास भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता असलेली मनोविकार परिचर्येतील एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका इथेच करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषयवार तासांचा तपशील कॉलेजने स्वतः पाठवावा लागतो. आपल्या हातून गेलेला चालत नाही. माझ्या कॉलेजच्या बाबूंनी गुणपत्रिका लगेच काढून दिल्या, पण तास विचारताच ‘असं काही नसते मॅडम’ म्हणून हात वर केले. शेवटी स्टोअरच्या कपाटातून क्लिनिकल अनुभवाची जुनी वही निघाली, तिच्यात वॉर्ड सिस्टरच्या तारखांसह सह्या शाबूत होत्या, आणि तिच्या आधारे प्राचार्यांनी पत्र तयार केले. आपली वही आजच शोधून ठेवा.

अनुभवपत्रात नुसते ‘स्टाफ नर्स, मेडिकल वॉर्ड’ लिहून घेऊ नका. फवारणीचे औषध प्यालेला शेतकरी आपल्या वॉर्डात येतो, ॲट्रोपिनवर (विषाचा परिणाम उतरवणाऱ्या औषधावर) राहतो, आणि शुद्धीवर आल्यावर पुन्हा जीव देण्याचा विचार मनात येतो का हे त्याला कोणीतरी स्पष्ट विचारावे लागते. ते विचारणे, त्याच्यावर लक्ष ठेवणे आणि घरच्यांशी बोलणे आपण खरोखर केले असेल, तर ते वैद्यकीय अधीक्षकांकडून तसेच लिहून घ्यावे, कारण ते मनोविकार परिचर्येचेच काम आहे आणि केसपेपरवर मात्र फक्त विषबाधा एवढीच नोंद राहते.

इंग्रजीसाठी आयईएल्टीएस किंवा सेल्बान (परिचारिकांसाठीची कॅनडाची इंग्रजी परीक्षा), आणि मूल्यमापनात पात्र ठरल्यावर मनोविकार परिचारिकांची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण अर्ज करण्यापूर्वीच उरकावे, कारण नोंदणी चालू असल्याची खातरजमा परिषदेकडूनच मागवली जाते.