पुणे सोडून कोल्हापूरला यावं का?

प्रश्न : मिस्टरांचं काम घरूनच चालतं. सासूबाईंना घेऊन कायमचं कोल्हापूरला यायचं म्हणतोय. नागाळा पार्कात नदीच्या बाजूला भाड्याचं घर आवडलंय. घ्यावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, या जरूर. पण ॲडव्हान्स देण्याआधी त्या गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. घरमालक सांगेलच असं नाही; भिंतीवरची ओल मात्र सांगते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. जुलै-ऑगस्टमध्ये इथं सकाळी उठल्यावर आधी हाच आकडा बघतात. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि शहराचा पुण्याशी संपर्क तुटला. मी ठाण्याहून आले तेव्हा राजारामपुरीत चढावरचं घर घेतलं ते याच हिशेबानं. तुम्हालाही तेच सुचवेन, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

सासूबाईंची काळजी करू नका. माझी शेजारीण ओळख नसताना दारात येऊन म्हणाली, ‘काय वैनी, गाव कुठलं?’ आणि जाताना तांबड्या रश्श्याचं पातेलं ठेवून गेली. सुरुवातीला या चौकशीचा त्रास होतो, खरं सांगते. पण मी तापानं पडले तेव्हा तीच रिक्षा घेऊन आली. गंगावेशीत त्यांना एकदा न्या. समोर म्हशीची धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात.

मुंबईला जायला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे. घर बघायला मात्र भर पावसात या.