पत्र्याच्या छतावर सोलर बसवलं तर छत गळेल का? वजन पेलेल का? आणि बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात का?

तुमचं घर साताऱ्याजवळ आहे, छत रंगीत पत्र्याचं आहे आणि तीन किलोवॉट बसवायचंय, असं धरून लिहितो.

पट्ट्यांचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. सोलरच्या व्हिडिओंत पॅनेलच्या खालच्या बाजूला दिसतात त्या पट्ट्या लडाख, हिमाचल किंवा परदेशातल्या बर्फाळ भागासाठी असतात. काचेवर साचलेला बर्फ ऊन पडलं की एकदम घसरतो आणि पन्हळ मोडतो किंवा खाली उभ्या माणसावर पडतो. पट्टी त्याला अडवून थोडा थोडा वितळू देते. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीत दव गोठतं, तेवढंच. पट्ट्यांवर पैसे घालू नका. गारांचीही फार चिंता नको: पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २५ मिमीचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने काचेवर मारून बघतात. मात्र घसरण्याचा मुद्दा आपल्याकडे पाण्याला लागू पडतो. गुळगुळीत काचेवरून पावसाचं पाणी जोरात येतं आणि पॅनेल अगदी वळचणीपर्यंत आणलं असेल तर पन्हळ ओलांडून थेट अंगणात किंवा भिंतीवर पडतं. म्हणून खालचं पॅनेल पत्र्याच्या कडेपासून किमान ३०० मिमी वर थांबवा. पाटण, कोयनेकडचं घर असेल तर आणखी वर.

आता वजन. ५४० वॉटचं पॅनेल साधारण २२७८ × ११३४ मिमीचं आणि २८ किलोच्या आसपास असतं. दोन्हीकडून काच असलेलं ३२ किलोपर्यंत जातं. रेल (पॅनेल ज्यांवर बसतात त्या धातूच्या लांब पट्ट्या) धरून चौरस मीटरला १३ ते १५ किलो पडतात. कैच्या आणि पर्लिन (कैच्यांवरचे आडवे लोखंडी वासे, ज्यांवर पत्रा बसतो) धड असतील तर एवढं वजन बहुतेक छतं पेलतात. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय. तोच आकडा घेतला तर दाब ०.६ × ३९ × ३९, म्हणजे चौरस मीटरला ९१३ न्यूटन, किलोत साधारण ९३ येतो. एका पॅनेलचं क्षेत्रफळ २.५८ चौरस मीटर, म्हणजे ते उचलायला लागलेला जोर २४० किलोच्या घरात जातो. हा ढोबळ हिशेब आहे, पाख्याच्या कडांना आणि आढ्याजवळ जोर आणखी वाढतो. तरी कळायला पुरेसा आहे: २८ किलोचं पॅनेल खाली पडेल याची काळजी नसते, ते वर ओढलं जाईल याची असते. वळवाच्या वावटळीत पॅनेल एकटं उडत नाही, पत्रा घेऊन उडतं.

म्हणून रेलला छताशी जोडणारा प्रत्येक पाय पर्लिनमध्येच गेला पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात धरलेला स्क्रू दिसायला घट्ट असतो, पण वाऱ्याने हलून हलून त्याचं भोक मोठं होतं. आधी गळती सुरू होते, मग स्क्रू सुटतो. पत्र्याच्या माथ्यावर चार स्क्रूंनी बसणाऱ्या आखूड मिनी रेलही बाजारात आहेत. त्या वापरायच्याच असतील तर पत्र्याची जाडी किती लागते हे कंपनीच्या कागदावर बघून घ्या. माझं मत विचाराल तर वाऱ्याच्या माळावरच्या घराला पर्लिनशिवाय दुसरं काही नको.

पर्लिन कुठे आहे हे पत्र्याच्या जुन्या स्क्रूंच्या ओळीवरून कळतं. दोन ओळींमधलं अंतर टेपने मोजा. पॅनेलला क्लॅम्प (पॅनेल रेलवर दाबून धरणारी पकड) कुठेही लावता येत नाही. लांब बाजूवर कोपऱ्यापासून साधारण पाचवा ते चौथा हिस्सा सोडून लावायचा असतो, म्हणजे दोन रेलमधलं अंतर ११४० ते १३६५ मिमीच्या दरम्यान येतं. नेमका पट्टा पॅनेलच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. तुमचे पर्लिन १.२ ते १.३५ मीटरवर असतील तर काम सोपं: पॅनेल उभी, रेल पर्लिनच्या बरोबर डोक्यावर. अंतर जुळत नसेल तर पॅनेल आडवी करा आणि रेल आढ्याकडून वळचणीकडे टाका, म्हणजे प्रत्येक रेल वाटेतल्या सगळ्या पर्लिनना छेदते आणि प्रत्येक ठिकाणी पाय देता येतो. अंतर जुळत नाही म्हणून मधेच पत्र्यात पाय ठोकणारा कारागीर दिसला तर तिथेच काम थांबवा.

सहा पॅनेल उभी एका ओळीत घेतली तर ३.२४ किलोवॉट होतात. त्यांना ७ मीटरच्या दोन रेल, दोन पॅनेलच्या मधले १० मिड क्लॅम्प, टोकांचे ४ एंड क्लॅम्प आणि दर मीटरला एक याप्रमाणे इंग्रजी एल आकाराचे १६ पाय लागतात. प्रत्येक पायाला दोन स्क्रू, म्हणजे ३२, वर थोडे जास्तीचे. नटबोल्ट स्टेनलेसचे, ३०४ ग्रेडचे घ्या. पर्लिन १.२ मिमी जाडीची हलकी पाइप असेल तर स्क्रूचे आटे नीट धरत नाहीत. तिथे पाइपला खालून वेढणारा यू-बोल्ट घाला.

गळती हातावर अवलंबून असते, सामानावर कमी. भोक पत्र्याच्या उंच घडीच्या माथ्यावरच पाडायचं, सखल भागात कधीच नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. माथा ३० मिमी उंच असेल तर ६५ ते ७५ मिमीचा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू लागतो. पायाखाली ऊन-पाणी सोसणाऱ्या ईपीडीएम रबराची पट्टी आणि तिच्याखाली सीलंटचा बारीक गोल घाला. वरून सीलंट फासून उपयोग नाही, उन्हापावसात ते काही वर्षांत सुटतं. सीलंट न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती परत करा, त्यातलं आम्ल जस्ताचा थर खातं. स्क्रू आवळताना वायसरकडे बघा: रबर धातूच्या टोपीच्या कडेला किंचित डोकावलं की थांबायचं. रबर फुगून बाहेर आलं तर ते फाटतं आणि माथाही दबून खड्डा होतो, मग पाणी स्क्रूभोवतीच साचतं. ड्रिलचा लोखंडी कीस त्याच संध्याकाळी ब्रशने झाडून काढा. राहिला तर पहिल्याच पावसात रंगीत पत्र्यावर तांबूस ठिपके पडतात आणि तिथून गंज धरतो.

पॅनेल पाख्याला समांतरच ठेवा, मध्ये १०० ते १५० मिमी मोकळी हवा. साताऱ्याचा अक्षांश १७.७ अंश असल्याने दक्षिणेकडचं दहा अंशांचं पाखं उत्तम चालतं. थोड्या युनिटांसाठी मागून उंच घोडी लावायला कुणी सुचवेल, पण पत्र्यावर ते वाऱ्याला शीड बांधून देणं आहे. पूर्व-पश्चिम पाखं असेल तरी घट थोडीच येते. कमी उताराच्या उत्तर पाख्यावर साधारण दहावा हिस्सा जातो.

पत्रा जुना असेल, स्क्रूंभोवती गंज असेल, तर आधी पत्रा बदला. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात आणि नंतर ती उतरवून पत्रा बदलायचा तर खर्च बराच वाढतो. सिमेंटच्या पत्र्याची गोष्ट वेगळी. विट्याकडे मागाच्या शेडवर तो अजून दिसतो. त्यावर पाय देऊ नका, तो सूचना न देता फुटतो. जुन्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्यामुळे ड्रिलची धूळही नको. तिथे जमिनीवरून स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभारावा.

अर्थिंगमध्ये एक चूक सर्रास दिसते. तांब्याची उघडी पट्टी किंवा तार पत्र्यावरून नेतात. तांब्यावरून ओघळणारं पाणीसुद्धा जस्ताला खातं. पत्र्यावर जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी वापरा. पॅनेलच्या फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो, त्यातून वीज जात नाही, म्हणून दातेरी वायसर किंवा अर्थिंग क्लिप हवीच. डीसी (पॅनेलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि आकाशातली वीज पडण्यापासून वाचवणारा लाइटनिंग अरेस्टर यांचे अर्थिंगचे खड्डे वेगळे करा. डीसी वायर पत्र्यावर लोळू देऊ नका, कापलेली कड तिचं आवरण सोलते. रेलला बांधा, जोड पाण्यात राहणार नाहीत असे ठेवा आणि वायर छतातून न नेता भिंतीतून आत घ्या. माकडांचा त्रास असेल तर सगळी पाइपमध्ये.

काम दिवाळी ते मार्चमध्ये उरका. पावसाळ्यात शेवाळलेल्या पत्र्यावर चढणं धोक्याचं आहे. चालायचं ते स्क्रूंच्या ओळीवरून, रबरी तळाच्या बुटांत, सेफ्टी हार्नेसला दोर बांधून. रेल बसल्यावर आणि पॅनेल चढवण्याआधी पाइपने अर्धा तास पाणी सोडा आणि घरात टॉर्च घेऊन पर्लिनखाली बघा. पॅनेल चढली की ती भोकं पुन्हा हाताला येत नाहीत. पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण पॅनेल भारतीय सेलची हवीत. कोटेशनमध्ये किलोवॉटच्या शेजारी पायांची संख्या, स्क्रूची लांबी आणि पर्लिनमध्येच बसवण्याची अट लिहून घ्या. पहिले वळीव होऊन गेले की क्लॅम्प एकदा तपासून घ्या आणि सैल असतील ते कंपनीने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा.