गुडघा बदलल्यावर आईचा गुडघा वाकण्याचा कोन ११० अंशांवरून १०५ वर आला. बिघडतंय का? आणि सांध्याची हालचाल नेमकी मोजतात कशी?

या दोन आकड्यांवरून बिघडतंय असं म्हणता येणार नाही. तुम्ही लिहिलंय की ऑपरेशनला दीड महिना झाला, रावेरच्या फिजिओनं ११० लिहून दिले, दोन आठवड्यांनी जळगावला दाखवलं तर १०५ निघाले, आणि आता घरात "व्यायामाचा कंटाळा करते" म्हणून आईला बोलणी बसताहेत. आधी ती बोलणी थांबवा. मी भुसावळला फिजिओथेरपी करते, आणि शिकत असताना चालण्याचं विश्लेषण करणाऱ्या लॅबमध्ये काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन वेगवेगळ्या माणसांनी गोनिओमीटरनं मोजलं तर पाचेक अंशांचा फरक आम्ही फरक धरतच नाही. गोनिओमीटर म्हणजे कोनमापकाला जोडलेल्या दोन लांब पट्ट्या. मधली खीळ गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर धरायची. एक पट्टी खुब्याच्या बाजूच्या हाडाकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या टोकाकडे. चित्रात सोपं दिसतं. प्रत्यक्षात साडीवरून, भरल्या अंगाच्या बाईच्या खुब्याचं हाड चाचपून शोधायचं असतं. मांडी ४० सेंटिमीटर धरली आणि खुब्यापाशी बोट दोन सेंटिमीटर सरकलं, तर तेवढ्यानंच जवळपास ३ अंश इकडचे तिकडे होतात.

शिवाय कुठल्या स्थितीत मोजलं? मांडीच्या पुढचा एक स्नायू खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडून जातो. पालथं झोपवलं की तो आधीच ताणलेला असतो, म्हणून गुडघा कमी वाकतो. पाठीवर झोपवून, मांडी पोटाकडे घेऊन मोजलं तर तोच गुडघा जास्त वाकतो. आईनं स्वतः वाकवला की फिजिओनं दाबून वाकवला, यानंही आकडा बदलतो. दाबलेला बहुधा मोठा येतो. आणि रावेरहून जळगावपर्यंत एस्टीत पाय लोंबकळत ठेवून आलेल्या गुडघ्याला थोडी सूज असणारच. ११० आणि १०५ एकाच पद्धतीनं घेतले होते का, हे कळल्याशिवाय त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. "गुडघा बिजागरीसारखा असतो ना, मग कोन मोजण्यात एवढं काय?" असं तुम्ही विचारलंय. गुडघा बिजागरी नाही. बिजागरीत खीळ एका जागी असते. गुडघ्यात मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. वाकताना ती नुसती गडगडली तर मागच्या काठावरून खाली उतरतील, कारण माथा तेवढा लांब नाही. म्हणून ती गडगडतात आणि त्याच वेळी घसरतातही, पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरचं चाक फिरतं पण पुढं तेवढं सरकत नाही, तसं. किती गडगडायचं आणि किती घसरायचं, हे हाडांचा आकार आणि आतले लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे, ठरवतात. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी, विल्हेल्म आणि एदुआर्द यांनी, १८३६ साली चालण्याच्या यंत्रणेवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हे गडगडणं-घसरणं आलेलं आहे. याचा अर्थ असा की गुडघ्याचा आस, म्हणजे ज्या रेषेभोवती तो फिरतो ती रेषा, दर अंशागणिक जागा बदलतो, आणि आमच्या गोनिओमीटरची खीळ मात्र एका ठिकाणी ठोकलेली.

वर पिळाचीही भानगड आहे. पाय सरळ होताना शेवटच्या वीसेक अंशांत नडगी थोडी बाहेर वळते आणि सांधा जणू कुलूपबंद होतो. पुन्हा वाकवताना गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू ते कुलूप उघडतो. तुमच्या स्वतःच्या गुडघ्यावर बघा. पलंगाच्या काठावर पाय सोडून बसा, वाटीच्या खाली नडगीवर जो उंचवटा लागतो तिथे पेनानं ठिपका काढा आणि पाय सावकाश सरळ करा. ठिपका बाहेरच्या बाजूला सरकेल. आईच्या गुडघ्यात हे पूर्वीसारखं दिसणार नाही, कारण आता तिथे धातू आणि पॉलिएथिलीन नावाचं प्लास्टिक आहे, आणि बहुतेक प्रकारच्या रिप्लेसमेंटमध्ये पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे सांध्याच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या दोन लिगामेंटांपैकी पुढचा, काढून टाकतात.

म्हणजे हालचाल एका दिशेची नाही. वाकणं, आत-बाहेर कलणं, पीळ, आणि शिवाय तीन दिशांना थोडं थोडं सरकणं. तीन कोन आले की एक गंमत सुरू होते. उभे राहा, हात खाली, तळवा मांडीकडे. हात समोर खांद्याइतका उचला. तसाच आडवा बाजूला न्या. आता बाजूनं खाली आणा. तळवा पुढे बघतोय! तुम्ही हात एकदाही पिळला नाही, तरी ९० अंशांचा पीळ पडला. अमेरिकन सर्जन कॉडमन यांच्या नावानं हे कोडं ओळखलं जातं. कुठल्या क्रमानं फिरवलं यावर शेवट कुठे होणार हे ठरतं, त्यामुळे "खांदा इतके अंश फिरला" हे वाक्य क्रम सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतं.

गुडघ्यापुरता यावर चांगला तोडगा १९८३ साली ग्रूड आणि सन्टे या संशोधकांनी दिला. एक आस मांडीच्या हाडाला बांधायचा, वाकणं त्याच्याभोवती मोजायचं. दुसरा नडगीच्या लांबीत धरायचा, पीळ त्याच्याभोवती. तिसरा कुठल्याच हाडाला बांधायचा नाही. तो दोघांनाही काटकोनात राहतो आणि त्यांच्यासोबत हलतो. बाजूला कलणं त्याच्यावर मोजायचं. असे धरले की क्रमाचं भांडण मिटतं. आणि हे आकडे सर्जनला समजतात, नुसते मॅट्रिक्स, म्हणजे गणिती आकड्यांचे चौकोनी तक्ते, समजत नाहीत. मला तरी ही या विषयातली सगळ्यात सुंदर युक्ती वाटते.

हाडं कुठे आहेत हे मात्र आधी कळायला हवं. १८९१ साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये ब्राउने आणि फिशर या संशोधकांनी एका माणसाच्या अंगाला चमकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधून त्याला अंधारात चालवलं, कॅमेऱ्यांनी टिपलं, आणि मग त्यातून हातानं गणितं करण्यात फिशर यांनी वर्षं घालवली. आज इन्फ्रारेड कॅमेरे सेकंदाला शंभर किंवा जास्त वेळा अंगावर चिकटवलेल्या छोट्या चकचकीत गोळ्या टिपतात. प्रत्येक हाडासाठी निदान तीन गोळ्या लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या. जमिनीत फोर्स प्लेट, म्हणजे पावलाचा जोर मोजणारी पाटी, असते, तिच्यावरून सांध्यावर किती बल आलं हे काढतात.

पण गोळ्या चिकटवतो कातडीवर, आणि मांडीची कातडी हाडावरून घसरते. वाकण्याचा कोन मोठा असल्यानं त्याचं फार बिघडत नाही. पिळाचा कोन मुळातच लहान, तिथे चूक हालचालीएवढी मोठी होऊ शकते. म्हणून काही अभ्यासांत स्वयंसेवकांच्या हाडात चक्क स्टीलच्या पिना बसवून त्यांना चालवलंय. दुसरी मेख अशी की आस थोडा तिरका धरला तर साधं वाकणंच कलण्यासारखं दिसायला लागतं. रिपोर्टवर रंगीत आलेख आला म्हणून तो खरा होत नाही, हे मी लॅबमध्येच शिकले.

आता आईपुरतं. सपाट चालताना गुडघा दोनदा वाकतो: टाच टेकल्यावर १५-२० अंश, आणि पाय उचलून पुढे नेताना साधारण ६०. जिना चढायला-उतरायला आणि खुर्चीवरून उठायला ९० ते १०० च्या आसपास. म्हणजे १०५ मध्ये रोजचं बरंच काही बसतं. उकिडवं बसायला १३० च्या वर लागतात. केळीच्या बागेत निंदणी, कापूस वेचताना खाली बसणं, लग्नाच्या पंगतीत मांडी घालून वरणबट्टी, हे सगळं त्या वरच्या टोकाचं. आपल्याकडच्या बायका आयुष्यभर याच टोकात काम करतात, म्हणून त्यांना १०५ कमी वाटतात. खुर्ची-टेबलावर जगणाऱ्याला तितके वाटत नाहीत. बदललेल्या गुडघ्यानं जमिनीवर बसावं की नाही, हे मात्र ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाच विचारा. पंगतीला खुर्ची मागायला लाजू नका.

तुमच्या दोन्ही चिठ्ठ्यांत एक आकडा नाहीच, आणि मला तोच हवा होता: गुडघा सरळ किती होतो? १०-१५ अंश वाकलेलाच राहत असेल तर उभं राहताना मांडीचा स्नायू सतत ओढून धरावा लागतो, आई लवकर थकते, चाल लंगडी होते. वाकण्याचे पाच अंश गेल्यापेक्षा हे जास्त महाग पडतं. पुढच्या वेळी किती वाकतो आणि किती सरळ होतो, दोन्ही लिहून मागा, सोबत "पाठीवर झोपून, स्वतःहून" असा शेराही.

मोबाइल अॅपनं घरी कोन मोजायचा म्हटलं, तर अडचण अशी: नडगीवर फोन ठेवला तर तो जमिनीच्या हिशोबात उतार सांगतो, गुडघ्याचा कोन नाही. मांडीवर एकदा, नडगीवर एकदा ठेवून दोन्हींतून हिशोब करायला हवा. त्यापेक्षा व्हिडिओ बरा. आईला पाठीवर झोपवा, फोन गुडघ्याच्या उंचीला, बाजूनं अगदी काटकोनात, आठ-दहा फुटांवर टेकवून ठेवा. तिरक्या कोनातून घेतलं तर कोन खोटाच दिसणार. आठवड्यातून एकदा, त्याच वेळेला, त्याच जागी. मध्येच पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली तर मोजत बसू नका, त्याच दिवशी सर्जनकडे न्या.