पाठ केलेले शब्द जातात कुठे?

‘मॅडम, शब्द पाठ होतात आणि आठवड्यात पुसले जातात. माझ्यातच काहीतरी कमी आहे.’ परदेशातल्या उच्च शिक्षणासाठीच्या जीआरई या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता लिहायलाच हवं.

सांगलीकडची एक मुलगी, मराठी माध्यमातून इंजिनिअर झालेली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वहीत दोन रकाने: डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ.

‘रोज वाचतेस?’

‘रोज.’

‘उजवा रकाना झाकून?’

ती गप्प.

मी शब्दांकडे नंतर वळले. आधी विचारलं, ‘अर्थ आठवला नाही की मनात काय येतं?’

‘माझी लायकीच नाही.’

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार मला इथेच पटतो. विसरण्यापेक्षा ‘आठवलंच पाहिजे’ हा हट्ट माणसाला जास्त दमवतो. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग मांडले. पाठ केलेलं बरंचसं पहिल्याच दिवसात गळतं, हे त्यांच्याही बाबतीत खरं होतं. हे सांगितल्यावर तिचे खांदे सैल झाले.

मग एकदा वहीतला ‘मिटिगेट’ निघाला. ‘सौम्य करणे, शमवणे,’ ती घडाघडा म्हणाली.

‘तू पाहिलंयस का असं काही?’

बराच वेळ शांतता. मी मदत केली नाही. अशा वेळी थांबणं मी जाणीवपूर्वक शिकलेय.

‘२०१९ ला आमच्या घरात कृष्णेचं पाणी आलं. आईनं आदल्या रात्रीच धान्य माडीवर चढवलं होतं. त्यानं नुकसान मिटिगेट झालं. पूर काही थांबला नाही.’

शेवटचं वाक्य तिनं आपणहून जोडलं. शब्द कुठवर पोचतो आणि कुठे संपतो, हे तिला कुणी न सांगता कळलं होतं. त्या दिवशी मला फार समाधान वाटलं.

म्हणून सांगते: रोज थोडेच शब्द घ्या. शब्द आधी वाक्यात वाचा, अर्थाचा अंदाज करा, मगच कोश उघडा. स्वतःच्या अनुभवातलं एक वाक्य लिहा. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं अर्थ झाकून आठवा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून पाहणारे. वाचताना ‘येतंय’ असं वाटतं, ते फसवं असतं. शिवाय २०११ पासून जीआरईत सुटे विरुद्धार्थी शब्द विचारत नाहीत. रिकाम्या जागेत नेमका बसणारा शब्द शोधावा लागतो.

झाकून आठवताना अडलात तर लगेच अर्थ पाहू नका. थोडं झगडा, आणि मग पाहा.